राइकमन कुटुंब: टाइल्सचं दुकान, कॅनरी वार्फ आणि १९९२

पारिजात (धागाकर्ती)

बिल्डर बुडाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे कुठे वळवले? बहुतेक वेळा तो प्रश्न योग्यही असतो. पण १९९२ साली कॅनडातल्या टोरांटोचं जे राइकमन कुटुंब बुडालं, त्यांच्याबाबतीत हा प्रश्न आपल्याला फार पुढे नेत नाही. त्यांच्या इमारती उत्तम बांधलेल्या होत्या. त्या आजही उभ्या आहेत, आजही मोठमोठ्या कंपन्या तिथे भाडं भरतात. गेली ती मालकी. हे कसं घडलं ते नीट समजून घ्यावं म्हणून गेले काही महिने वाचत होते. इथे बांधकामातली, बँकांतली, लंडन-कॅनडातली मंडळी आहेत, म्हणून धागा काढतेय. लांबलाय, सवडीने वाचा.

सॅम्युएल राइकमन मूळचे हंगेरीतल्या बेलेड गावचे, अंड्यांचे निर्यातदार. धंद्यासाठी व्हिएन्नाला येऊन स्थिरावले. घर कर्मठ ज्यू. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतल्यावर कुटुंब पॅरिसला गेलं आणि १९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही पोचायच्या बेतात असताना स्पेनमार्गे मोरोक्कोच्या टोकावरच्या टँजियरला. टँजियर तेव्हा आंतरराष्ट्रीय शहर होतं, तिथे कुठलंही चलन चालायचं. सॅम्युएल तिथे चलनाचे मोठे व्यापारी झाले. त्यांची पत्नी रेने युद्धाच्या काळात छळछावण्यांमधल्या कैद्यांसाठी अन्नाची पार्सलं पाठवत होती, स्पॅनिश रेड क्रॉसच्या मदतीने. मालमत्तेच्या धंद्याशी याचा थेट संबंध नाही, पण या घराबद्दल लिहायचं आणि रेनेबाईंना वगळायचं हे मला जमणार नाही.

पाच मुलगे, एक मुलगी. १९५०च्या दशकात मुलगे एकेक करून कॅनडात आले आणि टाइल्स आयात करायला लागले. ऑलिम्पिया फ्लोअर अँड वॉल टाइल. टोरांटोत माल ठेवायला गोदाम हवं होतं, कंत्राटदारांचे भाव परवडेनात, म्हणून पॉलने (जन्म १९३०, व्हिएन्ना, आधीचं शिक्षण सगळं धर्मग्रंथांचं) ते स्वतःच बांधून घेतलं आणि खर्च बराच कमी आला. मग दुसऱ्यांसाठी गोदामं, मग कार्यालयं. ऑलिम्पिया अँड यॉर्क ही कंपनी यातून उभी राहिली. अल्बर्ट, पॉल आणि राल्फ हे तीन भाऊ टोरांटोत. राल्फ टाइल्स सांभाळायचा, अल्बर्ट माणसं, सरकारी कचेऱ्या आणि रोजचं काम, पॉल पैसा आणि पुढचा विचार.

शुक्रवारी सूर्यास्त झाला की त्यांच्या साइटवर काम बंद, ते शनिवारी रात्रीपर्यंत. पॉलने हात मिळवला की व्यवहार पक्का, कागद नंतर होतील, अशी ख्याती. ही ख्याती पुढच्या गोष्टीत महत्त्वाची आहे, लक्षात ठेवा.

पहिली मोठी उडी १९६५ ची. न्यूयॉर्कचा त्या काळचा सर्वात गाजलेला बिल्डर विल्यम झेकेनडॉर्फ, त्याची वेब अँड नॅप कंपनी त्या वर्षी दिवाळखोरीत गेली. तिची टोरांटोतली फ्लेमिंगडन पार्कची मोठी जमीन राइकमनांनी घेतली. मग १९७५ मध्ये टोरांटोच्या मधोमध ७२ मजल्यांचं फर्स्ट कॅनेडियन प्लेस, बाहेरून इटलीचा पांढरा कॅरारा संगमरवर.

आणि मग १९७७. न्यूयॉर्क शहर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन आलं होतं, कंपन्या शहर सोडत होत्या, कुणी मॅनहॅटनमध्ये जागा घ्यायला धजत नव्हतं. पॉलने एकदम आठ इमारती घेतल्या, सुमारे एक कोटी चौरस फूट, ३२ कोटी डॉलरला. युरिस बंधूंनी बांधलेल्या म्हणून युरिस इमारती. लोकांनी वेड्यात काढलं. दहा वर्षांत त्यांची किंमत अनेक पटींनी वाढली. आधुनिक मालमत्ता व्यवहारांत याच्या तोडीचे सौदे फार थोडे.

त्याच धाडसावर १९८० मध्ये हडसनच्या काठावर भराव टाकून केलेल्या बॅटरी पार्क सिटीत वर्ल्ड फायनान्शियल सेंटरचं काम मिळवलं. वास्तुरचनाकार सीझर पेली, चार मनोरे. अमेरिकन एक्स्प्रेसने यावं म्हणून त्यांची जुनी इमारतच विकत घेऊन टाकली. मेरिल लिंच आली, डाऊ जोन्स आली. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे कुटुंब न्यूयॉर्कमधल्या कार्यालयीन जागेचं सर्वात मोठं खासगी मालक होतं आणि जगातल्या सर्वात श्रीमंत घराण्यांत त्यांची गणना होत होती.

आता लंडन. टेम्सच्या पूर्वेकडची वेस्ट इंडिया गोदी १९८० मध्ये बंद पडली. थॅचर सरकारने १९८१ मध्ये गोदी भागासाठी विकास महामंडळ काढलं, १९८२ मध्ये ही गोदी जिथे आहे त्या आयल ऑफ डॉग्जला करसवलतीचं क्षेत्र केलं. तिथे बँकांची नवी पेठ वसवायची कल्पना अमेरिकी मंडळींची होती, त्यांना ती पेलली नाही. जुलै १९८७ मध्ये पॉलने ती उचलली. हेच कॅनरी वार्फ. सुमारे ७१ एकर, सव्वा कोटी चौरस फुटांच्या आसपास बांधकाम. तीनच महिन्यांनी ऑक्टोबर १९८७ मध्ये जगभरचे शेअर बाजार कोसळले. तो थांबला नाही. मे १९८८ मध्ये थॅचरबाईंच्या हस्ते काम सुरू झालं. नोव्हेंबर १९९० मध्ये ५० मजली, २३५ मीटर उंच वन कॅनडा स्क्वेअरचं टोक बसलं. ब्रिटनमधली तेव्हाची सर्वात उंच इमारत. त्याच महिन्यात थॅचरबाई पायउतार झाल्या.

पहिले भाडेकरू १९९१ मध्ये आले, तेव्हा लंडनचा कार्यालयांचा बाजार पडलेला. १४ मे १९९२ रोजी ऑलिम्पिया अँड यॉर्कने टोरांटोत धनकोंपासून न्यायालयाचं संरक्षण मागितलं. दोन आठवड्यांत कॅनरी वार्फ प्रशासकांच्या ताब्यात. कर्ज १८ ते २० अब्ज डॉलर, कर्ज देणाऱ्या शंभराच्या आसपास बँका.

माझं मत असं झालंय की या पडझडीचं मूळ १९७७ च्या यशात आहे. रिकाम्या शहरात विकत घ्यायचं, धीर धरायचा, बाजार वर येतोच, हे त्या सौद्याने पॉलच्या मनात इतकं पक्कं बसवलं की धीर धरण्याचा खर्च कोण उचलतंय हे बघणं मागे पडलं. युरिस इमारती तयार होत्या, त्यांत भाडेकरू होते, महिन्याला पैसे येत होते. कॅनरी वार्फमध्ये चिखल होता. तुम्हाला काय वाटतं?

सह्यकडा

वाचतोय. उत्तम धागा.
एक शंका: पाच भाऊ म्हणताय आणि कंपनीत तीनच? वाटण्या झाल्या होत्या का? आपल्याकडे अशा घरांत भांडणाने धंदा बुडतो, इथे तसं काही दिसत नाही.

पारिजात

@सह्यकडा, एडवर्ड आणि लुई माँट्रियलला वेगळे धंदे करत होते, नंतर तिथूनही बाहेर पडले. ऑलिम्पिया अँड यॉर्क अल्बर्ट, पॉल आणि राल्फची. भांडणाने बुडाली असं कुठेही वाचलं नाही. मला तर उलट वाटतं. घरात कुणी पॉलला अडवत नव्हतं. वडील १९७५ मध्ये गेले. त्यानंतर घरात पॉलच्या वर कुणी उरलं नाही, आणि कंपनी पूर्ण खासगी असल्यामुळे भागधारकांच्या सभेत उभा राहून विचारणारा परका माणूसही नव्हता.

टेम्सकाठी

पारिजातताई, माझी रोजची वाट आहे ही. ऑफिस कॅनरी वार्फलाच आहे, दुपारी जेवणाच्या वेळी एका चौकात चार टेबलांवर तरी मराठी ऐकू येतं. बहुतेक सगळे बँकांच्या आयटीतले.

एक मुद्दा धाग्यात आला नाही तो लिहितो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा तोच आहे. रेल्वे.

१९८७ मध्ये इथे पोचायला होती ती फक्त डॉकलँड्स लाइट रेल्वे. नावाप्रमाणे हलकी, छोटे डबे, पहिल्या काळात वारंवार बंद पडायची, आणि शहराच्या मधल्या बँक नावाच्या स्थानकापर्यंत ती १९९१ मध्ये पोचली. हजारो माणसं रोज आणायची तर भुयारी रेल्वे पाहिजे. पॉल राइकमनने सरकारला सांगितलं की ज्युबिली लाइन इकडे आणा, ४० कोटी पौंड आम्ही देतो. सरकारने मान्य केलं, पण काम सुरू व्हायला डिसेंबर १९९३ उजाडला. तोवर कंपनी गेली होती. ज्युबिली लाइन १९९९ मध्ये चालू झाली आणि तेव्हापासून इथे जागा मिळेनाशी झाली. २००२ मध्ये एचएसबीसीने स्वतःचा मनोरा बांधून मुख्यालय आणलं. २०२२ पासून एलिझाबेथ लाइनही आहे.

म्हणजे इमारत १९९१ ला तयार आणि रेल्वे १९९९ ला. मधली आठ वर्षं व्याज कोणी भरायचं? हिंजवडीत ज्यांनी ऑफिसला जाण्यात आयुष्य घालवलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं, करसवलत. त्या क्षेत्रातली स्थानिक कराची माफी दहा वर्षांची होती, १९८२ ते १९९२. भाडेकरूंना ओढायला हे एक हत्यार होतं आणि नेमकं तेच १९९२ ला संपत होतं.

खडीसाखर

रेल्वेचा मुद्दा पटला. पण लंडनच्या जुन्या सिटीनेही (बँकांचा मधला जुना भाग) डाव साधला ना? मी वाचलंय की तोवर तिथे जुन्या इमारतींना हात लावू देत नव्हते आणि कॅनरी वार्फ येतंय म्हटल्यावर परवानग्या सैल केल्या. ऑक्टोबर १९८६ च्या शेअर बाजार सुधारणांनंतर बँकांना मोठे सलग मजले हवे होते. ते सिटीतच ब्रॉडगेटसारख्या ठिकाणी मिळायला लागल्यावर कोण चिखलात जाईल?

टेम्सकाठी

@खडीसाखर, अगदी बरोबर. सगळीकडे एकदमच बांधकाम आलं बाजारात, आणि मागणी खाली.

ताळेबंद

बँकेत आयुष्य गेलं, निवृत्त झालोय. धागा वाचून राहवलं नाही.

ताईंचं १९७७ चं निदान मला अर्धं पटतं. टेम्सकाठी यांचा रेल्वेचा मुद्दाही खरा. पण रेल्वे उशिरा येते, बाजार पडतो, सरकार बदलतं, हे सगळं धंद्यात गृहीत धरायचं असतं. माणूस बुडतो तो कर्जाच्या मुदतीने.

ऑलिम्पिया अँड यॉर्क कमर्शियल पेपरवर पैसे उचलत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कमर्शियल पेपर म्हणजे थोड्या मुदतीची, बहुधा ३० ते ९० दिवसांची, विनातारण हुंडी म्हणा. मोठ्या नावाच्या कंपनीला बाजारातून झटपट, स्वस्त पैसा मिळतो. मुदत संपली की जुना पेपर फेडायला नवा काढायचा. चाललंय तोवर कुणाला काही कळतही नाही. इमारत मात्र भाड्यातून पैसे परत द्यायला पंधरा-वीस वर्षं घेते. आंब्याच्या कलमासाठी महिन्याच्या बोलीवर पैसे उचलण्यासारखं आहे हे.

फेब्रुवारी १९९२ मध्ये कॅनडाच्या डोमिनियन बाँड रेटिंग सर्व्हिसने त्यांचं पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेची श्रेणी) खाली आणलं. पेपर घेणारे गायब झाले. जुन्या पेपरची मुदत तर येतच राहिली. मार्चमध्ये पॉल अध्यक्षपदावरून बाजूला झाला, बाहेरचा माणूस आणला, तो महिनाभरही टिकला नाही, मग पूर्वी क्रायस्लर या मोटार कंपनीत असलेले जेराल्ड ग्रीनवाल्ड. एप्रिलमध्ये बँकांना टोरांटोत एकत्र बोलावलं. आणि तेव्हा कुठे बऱ्याच बँकांना संपूर्ण कर्जाचा आकडा पहिल्यांदा कळला.

हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण मी त्याच टेबलाच्या पलीकडे बसलेलो आहे. खासगी कंपनी म्हणून एकत्रित ताळेबंद दाखवायचा नाही, हा राइकमनांचा शिरस्ता. त्यांचं नाव इतकं मोठं आणि शब्द इतका पक्का की बँकांनी मागितलाच नाही. प्रत्येकीने आपापल्या इमारतीचं तारण बघितलं, बाकीचं दुसऱ्या बँकेने तपासलंच असणार असं धरलं. पॉल खोटं बोलला असं मी म्हणत नाही. कर्ज मंजूर करणाऱ्यांनी आपलं काम केलं नाही, असं म्हणतो.

आपल्याकडे २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत कामांना पैसा पुरवणारी कंपनी कोसळली तेव्हा हेच बघितलं. रस्ते, बोगदे, वीस-तीस वर्षांची कामं, आणि खाली थोड्या मुदतीचा पैसा. त्यानंतर गृहकर्ज कंपन्यांचा पेपर कुणी घेईना आणि त्यांच्या पैशावर चालणारे मुंबई-पुण्याचे किती बिल्डर अर्ध्या इमारती टाकून बसले, ते इथल्या अनेकांनी भोगलंय.

सह्यकडा

@ताळेबंद काका, प्रतिसाद जपून ठेवलाय.

पण मग बाकीच्या मालमत्तेचं काय? एवढं श्रीमंत घराणं, काहीतरी विकून निभावता आलं नसतं?

ताळेबंद

सह्यकडा, चांगला प्रश्न. १९८०च्या दशकात त्यांनी इमारतींबाहेर पुष्कळ खरेदी केली. १९८१ मध्ये अबिटिबी-प्राइस ही कागदाची कंपनी, १९८५ मध्ये गल्फ कॅनडा ही तेलाची. रॉबर्ट कँपो नावाचा आणखी एक कॅनेडियन बिल्डर होता, त्याने अमेरिकेतली मोठी दुकानं (ब्लूमिंगडेल्स वगैरे) कर्ज काढून घेतली. त्याला यांनी १९८९ मध्ये २५ कोटी डॉलर दिले आणि जानेवारी १९९० मध्ये त्याचा तो सगळा पसारा दिवाळखोरीत गेला. कागद, तेल, न्यूयॉर्क, टोरांटो, लंडन, सगळं एकाच वेळी खाली. कागदोपत्री पाच वेगळे धंदे, मंदीत सगळे एकच. शिवाय त्यांतले शेअर आधीच तारण ठेवलेले. विकून हातात काय येणार?

टोरांटोकर

इकडून थोडं.

फर्स्ट कॅनेडियन प्लेसच्या खालून हिवाळ्यात रोज जातो, भुयारी वाटांचं जाळं आहे तिथे. धाग्यात ज्या पांढऱ्या संगमरवराचा उल्लेख आहे तो आता नाही. टोरांटोच्या थंडी-उन्हाने पातळ फरश्या वाकायला लागल्या, २००७ मध्ये एक फरशी वरून खाली पडली, रस्ते बंद करावे लागले. मग सगळा संगमरवर उतरवून काच लावली, ते काम २०१२ पर्यंत चाललं. इमारती उत्तम होत्या हे मान्य, पण हा तपशीलही नोंदवायला हवा.

फ्लेमिंगडन पार्कला आज गेलात तर दक्षिण आशियातून नवीन आलेल्या कुटुंबांची भाड्याची घरं दिसतील. माझ्या ओळखीची बरीच मराठी मंडळी कॅनडात आल्यावर पहिल्यांदा तिथेच उतरली.

आणि राल्फच्या टाइल्स! ती कंपनी टिकली. ऑलिम्पिया टाइल आजही टोरांटोत माल विकते. आमच्या एका मित्राच्या न्हाणीघराची फरशी तिथूनच आली. ज्या धंद्याकडे कुणी वळून बघितलं नाही तो राहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुर्गवाटा

सगळे पॉलचं कौतुक करताहेत म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

धार्मिक होता, शब्दाचा पक्का होता, आई थोर होती, सगळं मान्य. पण दोन-चार कोटींचा नाही, अब्जावधींचा निर्णय एका माणसाच्या अंदाजावर सोडायचा आणि त्याला दूरदृष्टी म्हणायचं, हे मला झेपत नाही. कॅनरी वार्फ पुढे भरलं म्हणून आपण म्हणतो की त्याचा अंदाज बरोबर होता. नसतं भरलं तर? ज्युबिली लाइन रद्द झाली असती तर? भरलं ते प्रशासक, धनको बँका आणि सरकार यांनी नंतर केलेल्या कामामुळेही भरलं. त्यात जनतेचा पैसा होता.

आणि छोटे पुरवठादार? वन कॅनडा स्क्वेअरचं काम करणारे छोटे उपकंत्राटदार, त्यांची बिलं? मोठ्या बँका वर्षभरात सावरतात. रंगारी आणि सुतार सावरत नाहीत.

पारिजात

@दुर्गवाटा, तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याला माझ्याकडे प्रतिवाद नाही. फक्त एक भर घालते. पॉलने भाडेकरू आणण्यासाठी जी वचनं दिली तीही नंतर गळ्याशी आली. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेसाठी बांधलेली इमारत ठरावीक किमतीला परत घेण्याचं बंधन कंपनीवर होतं. पैसे आले नाहीत तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं. शब्दावर चालणाऱ्या माणसाला १९९२ मध्ये शब्द पाळता आला नाही. याचा त्याला झालेला त्रास पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठा असणार असं मला वाटतं.

मोगरा

इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहितेय.

रेरा आलाय ना आता? ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. मग असं पुन्हा कसं होईल?

ताळेबंद

मोगराताई, रेराचा कायदा २०१६ चा, महारेरा मे २०१७ पासून. तो घर घेणाऱ्याने भरलेल्या पैशाचं रक्षण करतो. त्या प्रकल्पाच्या ७० टक्के वसुली वेगळ्या खात्यात आणि तिथून जमीन व बांधकामाच्या खर्चालाच, तेही अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रावर. याचा फायदा नक्की आहे. एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जमिनीत घालायची जुनी सवय त्याने बरीच आवळली. पण बिल्डरने किती मुदतीचं कर्ज कुठून उचललं, त्यावर रेराचं नियंत्रण नाही. आणि कॅनरी वार्फसारख्या भाड्याने द्यायच्या कार्यालयांत तर आगाऊ पैसे भरणारे ग्राहकच नसतात.

खडीसाखर

पॉलचं पुढे काय झालं? धागा १९९२ ला थांबलाय.

पारिजात

@खडीसाखर, लिहायचं राहिलंच होतं, आणि मला सर्वात भावलेला भाग तोच आहे.

कुटुंबाची जवळजवळ सगळी संपत्ती गेली. न्यूयॉर्कचं वर्ल्ड फायनान्शियल सेंटर काही वर्षांत आज ब्रुकफील्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समूहाकडे आलं, आता त्याचं नाव ब्रुकफील्ड प्लेस आहे. (याच ब्रुकफील्डने २०१६ मध्ये आपल्या पवईतल्या हिरानंदानींची कार्यालयं आणि दुकानं घेण्याचा सौदा केला.)

पॉल साठी ओलांडून गेला होता. तो पुन्हा लंडनला गेला. १९९५ च्या शेवटी सौदीचे राजपुत्र अल-वलीद, अमेरिकेतले लॉरेन्स टिश अशा गुंतवणूकदारांना सोबत घेऊन त्याने कॅनरी वार्फ धनको बँकांकडून परत विकत घेतलं, सुमारे ८० कोटी पौंडांना. या वेळी त्याचा स्वतःचा वाटा लहान होता. पुढल्याच फेब्रुवारीत आयआरएने (आयर्लंडमधली सशस्त्र संघटना) जवळच्या साउथ कीला बाँब फोडला, दोन माणसं गेली. तरी भाडेकरू येत राहिले. १९९९ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आली. ज्यावर घर बुडालं, तीच जागा त्याने डोळ्यांदेखत भरताना पाहिली.

आणि २००४ मध्ये पुन्हा हातातून गेली. कंपनी विकत घेण्याच्या चढाओढीत पॉल ब्रास्कनच्या, म्हणजे पुढच्या ब्रुकफील्डच्या बाजूने होता. जिंकला मॉर्गन स्टॅन्लीचा गट. अकरा वर्षांनी, २०१५ मध्ये, कतारचा सरकारी निधी आणि ब्रुकफील्ड यांनी २.६ अब्ज पौंडांना तो ताबा मिळवला. तोवर पॉल नव्हता. ऑक्टोबर २०१३ मध्ये टोरांटोत, ८३ व्या वर्षी तो गेला.

म्हणून मी सुरुवातीला लिहिलं ते थोडं पुढे नेते. जागेबद्दल त्याचा अंदाज दोन्ही वेळा खरा ठरला. दोन्ही वेळा शेवटपर्यंत मालक राहायला लागणारं बळ त्याच्याकडे नव्हतं. अंदाज आणि बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला या सगळ्या वाचनातून कळलं. ताळेबंद काकांनी ते माझ्यापेक्षा नेमकं मांडलंय.

टेम्सकाठी

चित्र अजून बदलतंय, ताई. एचएसबीसीने २०२३ मध्ये जाहीर केलं की मुख्यालय पुन्हा जुन्या सिटीत, सेंट पॉलजवळ नेणार. महासाथीनंतर लोक घरून काम करायला लागले, जुने मोठे मनोरे रिकामे व्हायला लागले. त्याच वेळी आसपास राहण्याच्या इमारती उभ्या राहिल्या. संध्याकाळी सातनंतर जिथे सामसूम असायची तिथे आता बाबागाड्या दिसतात. कॅनरी वार्फ संपलं असं लिहिणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, १९९२ मध्येही तेच लिहिलं होतं.

मोगरा

ताळेबंद काका, एक घरगुती विचारते. उघड लिहायला संकोच वाटतोय पण विषय निघालाय.

आमच्या बाबांचा सांगलीत बांधकामाचा छोटा धंदा होता. अपार्टमेंटचं काम, एका पतसंस्थेचं कर्ज. फ्लॅट सगळे विकले गेले, पण फार उशिरा, आणि तोवर व्याजात आजोबांची जमीन गेली. राइकमनांचं वाचताना मला सारखे बाबाच दिसत होते. तेही कधी कुणाला फसवून वागले नाहीत. घरात कुणी त्यांना विचारलं नाही, आईने तर न वाचता सह्या केल्या.

आता भाऊ तेच काम करतोय. चांगलं चाललंय. पण त्याच्या कॅश क्रेडिटला (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलायचं बँकेचं कर्ज) आई जामीन आहे, राहतं घर तिच्या नावावर आहे, आणि दर वेळी मर्यादा वाढवताना तिची सही लागते. तिला यातून बाहेर पडता येईल का? भावाशी वाकडं न घेता.

ताळेबंद

मोगराताई, संकोच करू नका, हे सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे.

करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. बँक आधी मुलाकडे जाईल, मग आईकडे, असं बंधन नाही. कॅश क्रेडिटची हमी ही चालू हमी, म्हणजे पुढच्या व्यवहारांनाही लागू राहणारी. कलम १३० प्रमाणे पुढच्या व्यवहारांपुरती ती जामीनदार बँकेला नोटीस देऊन मागे घेऊ शकतो. आजवर उचललेल्या रकमेची जबाबदारी मात्र सुटत नाही. बँकांच्या छापील करारात याबाबत जास्तीच्या अटी असतात, म्हणून आधी आईंच्या सहीच्या हमीपत्राची आणि घर गहाण असेल तर त्या कागदांची प्रत शाखेतून मागून घ्या. त्या जामीनदार आहेत, प्रत मागायचा त्यांना अधिकार आहे.

भावाशी आधी बोला. मर्यादेचं नूतनीकरण वर्षाला होतं, तीच योग्य वेळ. त्याला सांगा की पुढच्या नूतनीकरणाला राहत्या घराऐवजी न विकलेले गाळे किंवा मुदत ठेव तारण देता येते का बघ. धंदा चांगला चाललाय म्हणताय तर बँक आत्ता ऐकेल, अडचणीत आल्यावर ऐकणार नाही. बँकेने मान्य केलं तर हमीतून मुक्त केल्याचं लेखी पत्र आणि घराचे मूळ कागद दोन्ही हातात घ्या. तोंडी हो म्हणाले एवढ्यावर थांबू नका. कागदांत काही अडलं तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, वाचून सांगतो.

मोगरा

खूप आभार काका. रविवारी भाऊ जेवायला येतोय, तेव्हा बोलते. हमीपत्राची प्रत मागायचा अर्ज आईच्या नावाने आजच लिहून ठेवते.